हिरव्या रेघा

गेल्या वर्षी एक गृहस्थ रिक्षातून भला मोठा जुना मॉनिटर घेऊन माझ्या दारात उतरले. त्यांनी आणि रिक्षावाल्यानं मिळून तो पायऱ्या चढवला. घाम पुसत ते म्हणाले, "ह्यात आमच्या वडलांची सगळी साड्यांची डिझाइनं हायती. तेवढी काढून द्या."

मी विचारलं, "ह्याच्याबरोबरचा डबा कुठाय?"

"तो भंगारात घातला की. त्याच्यात कुठं काय दिसत हुतं? सगळं ह्यातच दिसायचं."

हसू नका. मीही हसलो नाही. इचलकरंजीच्या त्या माणसाच्या वडिलांनी हयातभर काढलेली वेलबुट्टी त्या डब्यात होती, आणि डबा किलोच्या भावानं गेला होता. मी त्यांना चहा पाजला आणि हात जोडले. मॉनिटर अजून माझ्याच जिन्याखाली आहे, न्यायला कोणी आलं नाही.

तर माझा धंदा हा असा. आधी नोकरी होती, आता निवृत्तीनंतरचा नाद आहे. जुनी ग्राफिक्स वर्कस्टेशन्स मी नव्या लॅपटॉपवर जिवंत करतो. वर्कस्टेशन म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. नव्वदच्या दशकात साधे कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर अक्षरं उमटवण्यातच धन्यता मानत होते. तेव्हा या यंत्राच्या वीस इंची पडद्यावर एकावर एक खिडक्या उघडायच्या, नकाशे मोठे-लहान व्हायचे, अख्खा पंप उभा-आडवा फिरवून बघता यायचा. आजच्या कॉम्प्युटरचा तो श्रीमंत थोरला चुलता. पाहिला की लोक चप्पल बाहेर काढून आत यायचे. मी त्याची उस्तवार करणारा माणूस, आडनाव माने. शिरोलीच्या बाजूला पंप ओतणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझी खुर्ची होती.

हे चुलते आता मेले. त्यांचे भाग मिळत नाहीत, आतली बॅटरी संपली की ते स्वतःचा नंबरसुद्धा विसरतात. मग लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम बसवायचा, जो त्या यंत्राचं सोंग घेतो. त्याला इम्युलेटर म्हणतात. आमच्या लहानपणी गल्लीत बहुरूपी यायचा, फौजदार होऊन. टोपी, काठी, दरडावणं, सगळं इतकं बेमालूम की आमचे वडीलसुद्धा उठून उभे राहायचे. तसंच हे. जुन्या डिस्कमधलं सॉफ्टवेअर जागं होतं, इकडंतिकडं बघतं, त्याला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत, आणि ते मुकाट कामाला लागतं. पण सोंग पुरतं वठलं पाहिजे. टोपी तिरकी झाली तरी घोटाळा होतो. तो घोटाळा मी केला, म्हणून तर हा लेख.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात ते यंत्र पहिल्यांदा आलं तेव्हाची एक गंमत सांगतो. खंडेनवमीला कारखान्यात भट्टीपासून ड्रिलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं, मग या नव्या पाव्हण्याला कसं वगळणार? त्याचा माऊस कुठंही चालायचा नाही. त्याला एक चकचकीत पत्रा लागायचा, त्यावर बारीक जाळी छापलेली. त्या रेघा मोजत मोजत माऊस पुढं जायचा. कुणीतरी भक्तिभावानं कुंकू कालवून नेमकं त्या पत्र्यावर झोकदार स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावरचा बाण जागचा हलेना. मी यंत्र खोललं, पुण्याला दोन फोन लावले, दुपारपर्यंत सगळे स्क्रू टेबलावर. मग कांबळे बाई उठल्या, रुमाल ओला केला, पत्रा पुसला आणि म्हणाल्या, "माने, लावा आता परत सगळं."

या सुमन कांबळे. कळंब्याच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वडील आमच्याच फाउंड्रीत वाळू चाळायला होते. मुलगी गारगोटीला डिप्लोमा करून त्याच कारखान्याच्या पंख्याखाली येऊन बसली, ड्रॉइंग ऑफिसातली पहिली बाई. वडील खाली भट्टीशेजारी, लेक वर माडीवर. डबा खायला मात्र ती खाली जायची. यंत्र चालवायला साहेबांनी दोघातिघांना बसवून पाहिलं, पण त्याला हात बसला तो बाईंचाच. तीन बटणांचा माऊस असा चालायचा की बघत राहावं. मी यंत्राचा जाणकार, मला त्याची प्रत्येक वायर पाठ. पण ते यंत्र कशासाठी जन्माला आलंय हे मला बाईंना बघून कळलं. हे मी तेव्हा त्यांना कधी बोललो नाही. तेव्हा असं बोलायची पद्धत नव्हती आणि मला अक्कलही नव्हती.

कारखाना बंद पडला तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी एक मोठं काम केलं, असं मी पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत होतो. सगळे नकाशे जुन्या यंत्रातून काढून, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतील अशा साध्या फायलींत बदलले आणि सीडीवर घातले. एका दिवसात! सीडीवर जाड पेनानं लिहिलं, 'सर्व नकाशे सुरक्षित – माने', आणि मागेल त्याला प्रत दिली. नशीब एवढंच की यंत्राच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून स्वतःजवळ ठेवली. कशासाठी, ते त्या वेळी मलाही सांगता आलं नसतं. मेलेल्या माणसाचा चष्मा ठेवतात ना घरात, तसं काहीतरी.

आता मूळ गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात नेसरीच्या पुढच्या एका गावाहून पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन आले. बाळगोंडा पाटील नाव, पांढरा सदरा, आवाज असा की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

"पावणं, माने सर तुमीच न्हवं?"

"व्हय. बसा."

"बसाय न्हाई आलो. गावाला पानी न्हाई."

मग बसले आणि इस्कटून सांगितलं. नदीवरनं गावाला पिण्याचं पाणी चढवणारा पंप आमच्याच कारखान्याचा, तिशी ओलांडलेला. त्याचं केसिंग तडकलं होतं. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं बिडाचं कवच, मीटरभर लांब, दोन्ही टोकांना पाइप जोडायच्या गोल तबकड्या, त्यांना फ्लँज म्हणतात. पाइप दोन्हीकडं काँक्रीटमध्ये पुरलेले. नवा पंप बसवायचा तर पंपघर फोडायला हवं आणि त्याला मंजुरी यायला वर्ष जाणार. म्हणून त्यांनी तसंच दुसरं केसिंग ओतून घ्यायचं ठरवलं. ज्याच्यावरनं वाळूत साचा उठवतात तो लाकडी पॅटर्न केव्हाच वाळवीनं खाल्लेला. मापं लिहिलेला कागदी नकाशा पुरात गेलेला. पण कुणाकडं तरी माझी सीडी सापडली. एका फाउंड्रीनं त्यावरनं पॅटर्न केला, केसिंग ओतलं, ट्रॅक्टरनं गावात नेलं.

"बसंना ओ! बोटभर लांब. मग फ्लँज दोन्हीकडनं तासल्या, बसवलं. बोल्ट आवळलं, पानी सोडलं, आन् फाट्टदिशी फ्लँज फुटली. बायका हंडं घिऊन हुभ्या हुत्या तिथं. माझं तोंड बघायचं हुतं तुमी."

मी सीडी हातात घेऊन बघत होतो. माझंच अक्षर.

"फाउंड्रीवालं म्हंत्यात नकाशाच चुकीचा हाय," पाटील पुढं म्हणाले, "नकाशावर नाव हाय, काढणार सु. कांबळे. आमी मीटिंगमधी सांगून टाकलं लोकास्नी, कुनी कांबळे बाई हुती, तिनं घोळ घातलाय. पर आता करायचं काय? तुमच्याकडं खरा नकाशा हाय का, तेवढं बघा."

मी म्हणालो बघतो, आणि डिस्कची नक्कल आणि जुना कीबोर्ड ठेवलेला माळ्यावरचा खोका काढला. तीन दिवस लागले. जुन्या सॉफ्टवेअरला ज्या यंत्राला ते विकलं त्याच यंत्राचा नंबर दाखवावा लागतो, नाहीतर ते तोंड उघडत नाही. यंत्र तर नंबर विसरून मेलेलं. पण मी पूर्वी कीबोर्डच्या पाठीवर चिकटपट्टीवर तो लिहून ठेवला होता. नंबर दिला, तारीख मागं नेली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ते राखाडी खिडक्यांचं जुनं घर उघडलं. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा तसंच. त्या फायलींच्या यादीत मी नाव दिलेली एक फाइल होती, 'पेन-मागणी', त्यात प्लॉटरच्या पेनांचा हिशोब. प्लॉटर म्हणजे पेन धरून मोठ्या कागदावर नकाशा काढणारं यंत्र.

केसिंगचा नकाशा उघडला. काळ्यावर पांढऱ्या रेघा. सीडीवरच्या नकाशाशेजारी ठेवून ताडून पाहिला. रेघ न् रेघ तीच.

मी पाटलांना फोन केला. "नकाशा तोच आहे. सीडीत काही बदललेलं नाही."

"म्हंजे बाईनंच घोळ घातलाय की."

यावर मी म्हणालो, "तसंच दिसतंय."

हे दोन शब्द. चाळीस वर्षांत मी यंत्रांशी कधी खोटं बोललो नाही, आणि ज्या बाईनं मला यंत्र समजावलं तिच्याबद्दल हे दोन शब्द पटकन बोलून मोकळा झालो. फोन ठेवला आणि जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, "एवढं टोचतंय तर जाऊन विचारा की त्यांना." दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पिशवीत घातला आणि कळंबा गाठलं.

बाई अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होत्या. गुडघा दुखतोय म्हणून स्टुलावर बसून. मला बघून म्हणाल्या, "माने! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही ओ. असा कसा प्रश्न?"

"आपल्यातलं कोण आलं की तीच बातमी असते. या."

मी आधी काही न सांगता टेबलावर लॅपटॉप उघडला आणि सोबत आणलेला तीन बटणांचा माऊस जोडला. जुनं घर उघडलं. बाईंनी चष्मा लावला. मग हात माऊसवर गेला आणि मधलं बोट आपसूक मधल्या बटणावर टेकलं. इतक्या वर्षांनी! खिडकी ओढली, बाजूला लावली, नकाशा जवळ आणला, सगळं त्याच झोकात. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही हे परत उभं केलंत? नाद खुळा, माने."

मग मी सगळं सांगितलं. पाणी, तडकलेलं केसिंग, बोटभर लांब, फुटलेली फ्लँज, मीटिंग. माझे दोन शब्दही सांगितले. ते गिळता आले असते, पण त्या टेबलाशी बसून गिळणं जमलं नाही.

बाईंचा चेहरा उतरला. "माझं नाव मीटिंगमध्ये घेतलं?"

"घेतलं."

"आणि तुम्ही म्हणालात तसंच दिसतंय."

बाई पडद्याकडं वळल्या. पाच मिनिटं रेघा बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "हे माझं न्हाई."

"खाली नाव आहे तुमचं."

"नाव आहे, पण माझा पडदा रंगीत होता. हे पांढरं कसं?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इम्युलेटरला यंत्रात पडद्यावर चित्र उमटवणारं कुठलं कार्ड बसवलंय ते सांगावं लागतं. काळ्यापांढऱ्या पडद्याचं कार्ड पटकन चालतं, रंगीत कार्डाला खटाटोप फार. मी आळसानं काळंपांढरं लावलं होतं. रेघा तर दिसतात, रंगाचं काय करायचंय, असं म्हणून. बहुरूप्याची टोपी मीच तिरकी ठेवली होती.

तिथंच, बाईंच्या टेबलावर, दोन तास बसून मी रंगीत कार्ड चालू केलं. बाईंनी मध्ये पोहे आणून ठेवले. यंत्र पुन्हा सुरू झालं, नकाशा उघडला. सगळं केसिंग हिरवंगार.

"हां," बाई म्हणाल्या. "आता माझं."

"हिरव्याचा अर्थ काय?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुम्हाला म्हाईत न्हाई? हिरवी पेनं तर तुम्हीच आणून द्यायचा की! 'हिरवं पेन लई संपतंय' म्हणून माझ्यावर वसकायचासुद्धा."

खरं होतं. दर महिन्याला पेनांची मागणी मी लिहायचो. हिरवी सगळ्यात जास्त. का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग बाईंनी सांगितलं. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. त्यासाठी पॅटर्नमेकरकडं एक खास पट्टी असते, तिच्यावरचे आकडेच जरा ताणलेले. आमचे शंकर मेस्त्री त्या पट्टीचे जुने पटाईत. बाईंनी सुरुवातीला सरळ लाकडावर ठेवता येईल असा पूर्ण मापाचा नकाशा काढून दिला, आकसण्यापुरती वाढ त्यात धरूनच. मेस्त्रींना वाटलं, या पोरीला एवढं कुठलं कळतंय, आणि त्यांनी आपल्या पट्टीनं पुन्हा वाढवलं. माल मोठा निघाला. कारखान्यात भांडण झालं. मेस्त्री म्हणाले नकाशा चुकला, बाई म्हणाल्या पट्टी चुकली.

"माझे वडील खाली वाळूत उभे राहून ऐकत होते," बाई म्हणाल्या. "म्हणून मी मागं हटले न्हाई. शेवटी मेस्त्रीच वर आले. खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, पोरी, मला आकडे वाचायला लावू नको, रंग सांग. तेव्हा ठरलं. हिरवी रेघ म्हणजे वाढ धरलेली हाय. हिरवं दिसलं की पट्टी खिशात. कागद सरळ लाकडावर चिकटवायचा आणि सुईनं टोचून खुणा घ्यायच्या. त्यानंतर एकही नग मोठा निघाला न्हाई."

आणि मी एका दिवसात सगळे नकाशे 'सुरक्षित' करताना सगळ्या रेघा काळ्या केल्या होत्या. फाइल साधी होते म्हणून. नव्या फाउंड्रीच्या मेस्त्रीनं काळी रेघ पाहिली आणि रीतसर आपली पट्टी लावली. त्याची काय चूक? शंकर मेस्त्रींचीच चूक पुन्हा घडली आणि ती घडवणारा मी होतो. एवढ्या वर्षांची फुशारकी बाईंच्या पोह्यांसमोर मातीत गेली. मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं."

"माझ्याजवळ काय म्हणताय? तिकडं सांगा."

मी तिथूनच पाटलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. नकाशा बरोबर होता, रंग मी पुसला, म्हणून वाढ दोनदा धरली गेली, असं सरळ सांगितलं. पाटलांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हंजे बाईनं बरोबरच काढलं हुतं?"

बाई फोनजवळ वाकल्या. "चेअरमन, मी कांबळे बाई बोलतेय. पॅटर्न बिनपट्टीचा करायला सांगा, मी स्वतः येऊन तपासते. पण एक. माझं नाव मीटिंगमध्ये घेतलंसा न्हवं? मग दुरुस्तीबी मीटिंगमध्येच करायची."

"व्हय बाई," पाटील म्हणाले. "करतो की."

नवा पॅटर्न झाला. बाई गुडघ्याला पट्टा बांधून फाउंड्रीत दोनदा गेल्या. तिथल्या मेस्त्रीला हिरव्या रेघांचा कागद लाकडावर चिकटवायला लावला, त्यानं सवयीनं खिशात हात घातला तर "पट्टी ठेवा आत" म्हणून दटावलं. केसिंग ओतलं, थंड झालं, ट्रॅक्टरनं गावी गेलं. आम्ही दोघं बसवायच्या दिवशी मुद्दाम गेलो. दोन पाइपांच्या मध्ये ते साखळीनं सोडलं. दोन्ही बाजूला पॅकिंगपुरती फट राहिली, वहीच्या पुठ्ठ्याएवढी. बाईंनी त्या फटीत नख घालून पाहिलं आणि मान हलवली. बोल्ट आवळले, पाणी सोडलं. मी डोळे मिटले होते, लाज कशाला वाटून घेऊ. फुटलं काही नाही. पंप घुमायला लागला आणि बाहेर बायकांचा गलका झाला.

पाटलांनी शब्द पाळला. देवळापुढं माइक लावून, आधीच्याच आवाजात सांगितलं, "मागच्या मीटिंगला मी बोललो हुतो ते चुकीचं हुतं. नकाशा सुमन कांबळे बाईंनी काढल्याला, आन् तो एक नंबर हुता. बाई हितं हायत. टाळ्या वाजवा की, बघताय काय!" लोकांनी वाजवल्या. बाई पदर सावरत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शंकर मेस्त्रींचंबी नाव घ्या. रंग त्यांनी मागितला हुता." मग मेस्त्रींसाठीही टाळ्या झाल्या. माझं नाव कुणी घेतलं नाही, हे पाटलांनी माझ्यावर केलेले उपकारच.

त्यानंतर मी फायली बदलून देणं बंद केलं. कुणी जुनी डिस्क आणली की अख्खं यंत्र उभं करतो, त्याच्या रंगासकट, त्याच्या घड्याळासकट, आणि ज्यानं ते चालवलं तो माणूस हयात असेल तर त्याला शेजारी बसवतो. वेळ लागतो. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

गावाहून परतताना गाडीत बाईंनी माझ्याकडं ती सीडी मागितली, 'सर्व नकाशे सुरक्षित – माने' लिहिलेली. मला वाटलं मोडून टाकणार. त्यांनी पर्समध्ये शोधून एक पेन काढलं, गाडी थांबवायला लावली, कारण हलत्या गाडीत त्या अक्षर काढत नाहीत. आणि माझ्या अक्षराखाली, नकाशाच्या कोपऱ्यात काढायच्या त्याच सुबक अक्षरात लिहिलं, 'रंग सोडून'. त्याखाली, 'तपासले: सु. कांबळे'.

ती सीडी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. पेन अर्थातच हिरवं होतं, आणि ते संपत आलंय म्हणून बाईंनी परवा माझ्याकडं नवं मागितलं. या वेळी मी कशाला म्हणून विचारलं, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं.